निंकेचा आठवडा

हिवाळी अधिवेशन संपतं, मंत्री आपापल्या गावी परततात, सीताबर्डीच्या रस्त्यांवरचे बांबू आणि लोखंडी कठडे निघतात, तेव्हा कुठे नागपूर नागपूरकरांना परत मिळतं. थंडीही तोवर बंदोबस्तात अडकल्यासारखी असते आणि मग एकदम मोकळी सुटते. नाताळ आणि एक जानेवारी यांच्यामधला हा आठवडा. ऑफिसं धड चालू नाहीत, धड बंद नाहीत. तिबेटी बायका स्वेटरांचे भाव उतरवायला लागलेल्या, बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग. इतर घरांत या दिवसांना काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या सक्करदऱ्याच्या घरात त्याला निंकेचा आठवडा म्हणतात.

निंके आमची कोणी नाही. ती हॉलंडची, तिकडच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातली, बर्फावर स्केटिंगच्या शर्यती करणारी बाई. चारशे मीटरचा बर्फाचा ट्रॅक, एका वेळी दोघीच, आणि सामना बाकी कोणाशी नाही तर घड्याळाशी. त्यांच्या देशाची निवड चाचणी नेमकी याच दिवसांत होते. त्या देशात चांगल्या स्केटर इतक्या आहेत की ऑलिम्पिकात पदक मिळवणं सोपं, पण घरच्या चाचणीतून निघणं अवघड, असं बाबा म्हणतात. बाबा कोर्टात क्लार्क होते, त्यामुळे कोणतीही गोष्ट ते निकाल वाचून दाखवल्यासारखी सांगतात.

यंदा निंके परत उतरणार होती. चार वर्षांपूर्वी याच चाचणीत ती हरली, मग दिसेनाशी झाली, आणि आता चौतिसाव्या वर्षी परत. बातमी वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आधी कॅलेंडर पाहिलं, कारण त्याच आठवड्यात गार्गी पुण्याहून घरी येणार होती.

गार्गी माझी धाकटी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चार हिवाळ्यांपूर्वी ती राज्यातली नावाजलेली स्केटर होती. बर्फावरची नव्हे, आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीत, पण चाकांच्या स्केटवरची. त्या हिवाळ्यात मी तिच्याशी धडकून पडले, माझा गुडघा गेला, आणि दोन महिन्यांत तिनं स्केटिंग सोडलं. का, ते कोणालाच सांगितलं नाही. मी चार हिवाळे कारणं शोधत राहिले. तिला अपराधी वाटत असेल. माझी दया येत असेल. भीती बसली असेल. भोयर सरांनी, आमच्या कोचनी, या नोव्हेंबरात फोन करून स्पष्टच विचारलं, "तुमच्या गार्गीले झालं तरी काय बेटा? अजून दोन वर्षं आहेत तिच्या पायात. मग नाही राहत." मला निंकेपेक्षा या दोन वर्षांची काळजी जास्त होती.

निंके आमच्या आयुष्यात आली ती भोयर सरांच्या मोबाईलमधून. तलावाजवळच्या सिमेंटच्या रिंकवर आम्ही पहाटे जायचो. तिथली निम्मी मुलं दहावीच्या क्रीडागुणांसाठी यायची आणि गुणांची खात्री झाली की गायब व्हायची. डोक्याला चोपडलेलं खोबरेल केसातच गोठून जाईल अशी थंडी, तलावावरून सरकत येणारं धुकं, बेअरिंगला लावलेल्या तेलाचा वास हातमोज्यांना. बूट घालताना बोटं वळायची नाहीत, म्हणून आम्ही दोघी हात काखेत दाबून बसायचो. सरांनी त्या दिवशी काच तडकलेला मोबाईल पुढे धरला. "ही पोरगी पाहा. वळणावर पाय कसा टाकून राहिली. अन् नीट पाहा, ही मागे ढकलतच नाही. बाजूले ढकलते, अन् पुढे जाते."

पडद्यावर डोक्यापासून घोट्यापर्यंत निळ्या कपड्यात गुंडाळलेली एक मुलगी होती. एक हात पाठीवर ठेवलेला, दुसरा झुलणारा. कंबर इतकी खाली की खुर्चीशिवाय खुर्चीत बसलीय असं वाटावं. पुढच्याच वळणावर तिचा पाय निसटला. ती पोटावर घसरत ट्रॅकच्या कडेच्या गाद्यांत जाऊन घुसली. सर व्हिडिओ बंद करायला गेले, तेव्हा बारा वर्षांच्या गार्गीनं त्यांचं मनगट धरलं. "सर, पूर्ण दाखवा ना." निंके उठली, टोपी सरळ केली, आणि उरलेल्या फेऱ्या एकटीनं पूर्ण केल्या. तिच्याबरोबरची मुलगी केव्हाच पोचून पाणी पीत होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या रिंकवर पडणाऱ्याला हसायची पद्धत होती, म्हणून आम्ही दोघी बघतच राहिलो.

तेव्हापासून ती आमची झाली. बाबा सुरुवातीला नाक मुरडायचे, मग तेही सोफ्याच्या कडेला येऊन बसू लागले. तिकडे दुपार असते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण, त्यामुळे शर्यती आमच्या चहाच्या वेळेला यायच्या. प्रेक्षकांत सगळीकडे नारिंगी, तो त्यांच्या देशाचा रंग. नारिंगी टोप्या, नारिंगी मफलर, आणि मधोमध एक बँड, तो शर्यत चालू असतानाही वाजतोच आहे. बाबा म्हणाले, "हे सारे आपल्याच गावचे दिसून राहिले. संत्र्याच्या हंगामात आलेले." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, तिकडे संत्री उगवत नसतील म्हणून बिचारे रंगावर भागवत असतील.

कितीतरी वर्षं निंके तिसरी यायची. दोघींच्या पुढे नाही आणि बाकी कोणाच्या मागेही नाही, अशी तिसरी. आमच्या घरी तो वाक्प्रचारच झाला. परीक्षेत बरे पण फार बरे नाहीत असे मार्क पडले की बाबा म्हणायचे, निंकेसारखे पडले. तिच्या मुलाखती तिच्या भाषेत असायच्या आणि फोन त्यांचं मराठी करायचा. ते मराठी असं की 'आज माझे पाय घरी नव्हते.' मला आणि गार्गीला ते इतकं आवडलं की रिंकवर कोणी ढेपाळलं की आम्ही एकमेकींना हळूच सांगायचो, आज पाय घरी नाहीत.

मग एका फेब्रुवारीत ती जगज्जेती झाली. पंधराशे मीटरमध्ये. शेवटची रेघ ओलांडल्यावर तिनं हात वर केले नाहीत. गुडघे धरून वाकली आणि तशीच, पायाला जोर न देता, अर्धा ट्रॅक घरंगळत गेली. टोपी मागे सारली तेव्हा तिच्या केसांतून वाफ निघत होती. बाबा त्याच पावली उठले, स्कूटर काढली आणि संत्रा बर्फी घेऊन आले. शेजारच्या काकूंनी विचारलं, कोणाचं काय झालं? बाबा म्हणाले, "आमची एक पोरगी आहे हॉलंडले. तिचं झालं." काकूंनी बर्फी खाल्ली आणि पुढचा आठवडाभर आमच्या नात्यात कोणाला हॉलंडला दिलंय याची चौकशी करत राहिल्या.

ती बर्फी खाताना गार्गीनं मला विचारलं होतं, "ताई, ती इतके वर्षं तिसरी यायची तेव्हा तिले कसं वाटत असेल?" मी म्हणाले, सवय होते. पण सवय होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

कारण तोवर गार्गी माझ्या पुढे जाऊ लागली होती. आधी कितीतरी वर्षं ती माझ्या पाठीमागेच असायची. चाकांच्या शर्यतीत पुढचा वारा तोडतो आणि मागच्याला पळणं सोपं जातं. सरावाला ती माझ्या इतकी जवळ असायची की वळणावर तिचा श्वास ऐकू यायचा. कधी तोल सांभाळायला माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवायची. मग पंधराव्या वर्षी एका सकाळी ती माझ्या पाठीमागून बाजूला निघाली, शेजारून गेली, आणि मला पहिल्यांदा तिची पाठ दिसली. मी दात ओठ खाऊन तिच्यामागे लागले. ती पाठ काही जवळ आली नाही.

घरात मात्र ही गोष्ट वेगळ्याच रूपात पोचली. आमच्या घराचा एक नियम होता, सगळ्याच घरांचा असतो. गाडीतली खिडकी, आंब्यातला मोठा आंबा, कूलरसमोरची जागा; वाद झाला की कोणीतरी म्हणायचंच, "लहान आहे वं ती, जाऊ दे तिले." मी जाऊ द्यायची. त्यात मला मोठं दुःख होतं असंही नाही. हात तोंडाकडे जातो तशी ती सवय होती. त्यामुळे गार्गी जेव्हा वर्ध्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि मी दुसरी, तेव्हा आत्यानं तिचे गाल ओढले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "मोठीनं सोडलं असंन." सगळे हसले. पुढे अमरावतीला झालं तेव्हाही हेच, राज्य स्पर्धेत झालं तेव्हाही हेच. ते ऐकताना गार्गीकडे कोणी बघत नव्हतं. मी पण नाही.

आता चार वर्षांपूर्वीची ती चाचणी. ती समजायला बर्फावरचा एक नियम माहीत हवा. दोघी पळतात, एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या. आतली लेन लांबीला कमी, म्हणून न्याय व्हावा यासाठी दर फेरीत एका ठरलेल्या सरळ पट्ट्यावर दोघींनी लेन बदलायची: आतली बाहेर जाते, बाहेरची आत येते. दोघी अगदी बरोबरीनं त्या पट्ट्यावर आल्या तर वाट बाहेरून येणारीची. आतून येणारीनं वेग कमी करायचा आणि तिच्या पाठीमागून जायचं. तसं केलं नाही तर ती बाद. इतकं साधं.

निंकेची जोडी त्या दिवशी तिच्याच संघातल्या मैत्रिणीशी लागली. वर्षभर एकमेकींच्या मागे धावून सराव केलेल्या दोघी. ऑलिम्पिकच्या तीन जागा होत्या आणि दोघींनाही जायचं होतं. शेवटच्या बदलाला त्या खांद्याला खांदा लावून आल्या. मैत्रीण बाहेरून, निंके आतून. निंके किंचित उभी राहिली, एखादा श्वास घ्यावा तेवढीच, आणि मैत्रिणीच्या पाठीमागून गेली. तेवढ्यात जे जायचं ते गेलं. मैत्रीण तिसरी, निंके चौथी.

बाबांनी सोफ्यावर थाप मारली. "थांबायले नको होतं तिनं. जरा दामटलं असतं तर दुसरी हटली असती."

"बाद झाली असती बाबा," गार्गी म्हणाली. "नियम आहे."

"इतके वर्षं घासली अन् नियमापायी घरी बसंन?"

"मंग काय मैत्रिणीले धडकायचं?"

दोघं बराच वेळ भांडले. मी पडद्याकडे बघत होते. तिकडे मुलाखत घेणाऱ्यानं निंकेपुढे माईक धरला होता. ती म्हणाली, वाट तिची होती. एवढंच. चेहरा कोरा. मग ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बाकावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली, आणि त्या सुटेनात. मदतीला कोणी आलं नाही. मी उठून गच्चीवर गेले.

आम्हाला तो नियम आपल्या पायांनी करून बघायचा होता. हा हट्ट गार्गीचा, पण मीही काही मागे नव्हते. चाकांच्या शर्यतीत असलं काही नसतं; तिथे दहा-पंधरा जण एकदम सुटतात आणि ज्याला जिथे फट सापडेल तिथून घुसतो. कळमेश्वरच्या वाटेवर तेव्हा एक नवं ले-आउट पडलेलं होतं. प्लॉटचे दगड रोवलेले, सिमेंटचे गुळगुळीत रस्ते झालेले, विजेचे खांब उभे, आणि घर एकही नाही. माणसांच्या आधी रस्ते पोचलेली अशी ले-आउटं नागपूरभोवती पुष्कळ. रविवारी सकाळी भोयर सरांनी स्कूटरवरून फक्कीचं पोतं आणलं, मैदानं आखतात ती पांढरी पावडर, आणि आम्ही तिघांनी मिळून दोन लेन आखल्या. वळणं चौकोनीच झाली. बाजूच्या शेतात कपाशीची शेवटची वेचणी चालू होती आणि बायका हातातलं काम ठेवून आमच्याकडे बघत होत्या.

पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही हसतच होतो. तिसरीत हसणं थांबलं. मी बाहेरून येत होते, गार्गी आतून, आणि आम्ही बरोबरीनं त्या पट्ट्यावर आलो. कितीतरी वर्षांनी मी तिच्या मागे नव्हते. पाय घरीच होते त्या दिवशी. नियमाप्रमाणे वाट माझी होती.

गार्गीला नियम पाठ होता. तिनं वेग कमी केला आणि माझ्या पाठीमागून निघायला म्हणून वळली. आणि नेमक्या त्याच क्षणी मी थांबले. तिला जाऊ द्यायला. कोणी म्हटलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं. माझं शरीरच उभं राहिलं. ती माझ्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे बघत येत होती आणि ती जागा आता मोकळी नव्हती. तिचं चाक माझ्या चाकात अडकलं. दोघीही एकमेकींना वाट देत होतो आणि दोघीही पडलो. ती सरपटत बाजूच्या मुरमावर गेली. माझा गुडघा सिमेंटवर वळला, आणि आतून जो आवाज आला तो मी अजून विसरले नाही.

ती रांगत माझ्याजवळ आली. कोपरातून रक्त येत होतं, तोंडाला फक्की लागलेली. "तू काहून थांबली वं?" ती ओरडत होती. "वाट तुझी होती. काहून थांबली?" मला दुखण्यापुढे काही बोलता येईना. सर धावत आले. मग मला वाटतं त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

तो हिवाळा मी पलंगावर काढला. खिडकीतून तलावाकडचं धुकं दिसायचं आणि मुलांच्या चाकांची घरघर ऐकू यायची. गार्गी माझी वेणी घालायची, ताट आणून द्यायची, संत्री सोलून फोडींवरच्या शिरासुद्धा काढायची. मला ते आवडत नव्हतं. ती इतकी गप्प आणि इतकी शहाणी कधीच नव्हती. जानेवारीत ती रिंकवर जायची, पण लवकर परत यायची. फेब्रुवारीत परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा झाल्यावर प्रोजेक्ट आहे म्हणाली. मग पुण्याची नोकरी लागली. माझा गुडघा चालण्यापुरता बरा झाला, मी बँकेत लागले, आणि घरात स्केटिंग हा शब्द बंद झाला.

त्याच काळात निंकेही दिसेनाशी झाली. मी तिला शोधत राहिले, हे सांगायला थोडी लाज वाटते. दुपारी बँकेत डबा खाऊन झाला की मी फोनवर तिचं नाव टाकायची. एकदा कळलं की ती आपल्या गावात लहान मुलांना शिकवते. एकदा फोटो होता, गोठलेल्या कालव्यावर साध्या लोकरी टोपीत, हातात कोणाच्या तरी लहानग्याचा हात. तिला बघून मला रागच आला. चौथी आली म्हणून काय झालं, जगातल्या बाकी सगळ्यांच्या पुढेच तर होतीस, असं तिला सांगावंसं वाटलं. खरं तर ते मला दुसऱ्याच कोणाला सांगायचं होतं.

यंदा गार्गी आली आणि संध्याकाळी मुकाट्यानं सोफ्यावर बसली. मला वाटलं होतं ती टाळेल. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. नारिंगी टोप्या तशाच, बँड तसाच. निंके आली. चेहऱ्यावर रेषा आलेल्या, पण तीच कंबर, तोच पाठीवरचा हात. जोडीला एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी होती.

मी सोफ्याच्या कडेला सरकून बसले होते. लेन बदलायच्या पट्ट्यावर पुन्हा काही घडेल असं मला वाटत होतं. मला वाटतं गार्गीलाही. काहीच घडलं नाही. ती पोरगी पहिल्याच फेरीत इतकी पुढे गेली की बदलाच्या वेळी दोघींमधून ट्रक निघून गेला असता. वाट कोणाची, हा प्रश्नच आला नाही. निंके शेवटून दुसरी आली. ती सरळ उभी राहिली, बँडकडे बघून हात हलवला, आणि जी पोरगी पुढे गेली होती तिच्याजवळ घरंगळत जाऊन तिच्या कानात काहीतरी बोलली. पोरगी एकदम लाजली.

"संपलं हिचं," बाबा म्हणाले, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसलो. त्या हिरव्या दाण्यांचा सोलेभात करायचा होता. आई बाहेर बाबांना चहा देत होती. गार्गीनं चार-पाच शेंगा सोलल्या. मग मान खाली ठेवूनच म्हणाली, "तिनं त्या पोरीले काय सांगितलं असंन?"

"शाबास म्हणाली असेल."

"ताई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"आपण इतक्या शर्यती धावलो. त्यातल्या किती तू मले सोडल्या?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. ती बोलत राहिली, शेंगा सोलत, माझ्याकडे न बघता. "त्या दिवशी तिथे पदक नव्हतं, कोणी पाहून नव्हतं राहिलं, तरी तू थांबली. मंग मले वाटलं, जिथे पदक होतं तिथे तर थांबतच असशील. वर्ध्याले, अमरावतीले, राज्य स्पर्धेत. घरचे तर म्हणतच होते, मोठीनं सोडलं. मी सकाळी बूट घालायची अन् वाटायचं, आपण कायले जाऊन राहिलो? आपल्याले येते की नाही हेच माहीत नाही." तिनं रिकामी सालं बाजूला सारली. "तू पडली त्याचं वाईट वाटलंच. पण सोडलं त्यासाठी नाही. मले माहीतच नव्हतं मी कोण आहे."

अपराधीपणा, दया, भीती. चार वर्षं मी जी कारणं जमवली होती त्यातलं एकही तिचं नव्हतं. मी माझ्याच गुडघ्याभोवती फिरत बसले होते.

"एकही नाही," मी म्हणाले.

"खरं सांग म्हटलं ना."

"खरंच सांगून राहिली. वर्ध्याहून परत येताना बसमध्ये मी झोपली नव्हती. डोळे मिटून बसली होती, कारण तुझं पदक माझ्यासमोर हलून राहिलं होतं. राज्य स्पर्धेनंतर पोट दुखते म्हणून जेवली नाही, आठवते? पोट दुखत नव्हतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडली. गार्गी, मी प्रत्येक वेळी जीव खाऊन धावली. तू जास्त फास्ट होती. मले ते सहन होत नव्हतं."

तिनं मान वर केली. "मंग त्या दिवशी काहून थांबली?"

"त्या दिवशी वाट माझी होती. आधी कधी नियमानं माझी नव्हती. भांडायचं असतं तर मले येत होतं. ती आपलीच आहे म्हटल्यावर काय करायचं, ते काही सुचलं नाही."

तिनं हातातली शेंग सोलून पुरी केली. मग हातातले दाणे ताटात टाकले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. ते जिंकल्यावरचं रडणं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला जाणवलं, मी त्या पाठीवर कधीच हात ठेवला नव्हता.

"सर रिंकवर असतात सकाळी," मी म्हणाले. "अजूनही."

"माहीत नाही ताई. पाहू." तिनं बाहीनं नाक पुसलं. "पण हे तू तेव्हाच सांगायचं होतं. हरली तेव्हाच."

तिचं खरं होतं. वाट देणं आणि हरणं लांबून सारखंच दिसतं. दोन्हींत एक मागे राहते आणि एक पुढे जाते. मागे राहणारीला ते माहीतच असतं, पण पुढे जाणारीला मात्र कळायलाच हवं होतं की तिच्या मागे कोण राहिलं, थांबलेली की हरलेली. आणि ते तिला फक्त मीच सांगू शकत होते.